लूत, कातडं आणि काचेची पट्टी

माणसाच्या कातडीला काही झालं तर मराठीत शब्दांची कमी नाही. खरूज आहे, नायटा आहे, गजकर्ण आहे, इसब आहे, शिबं आहे, कोड आहे, नागीण आहे, अंगावर गांधी उठतात त्या वेगळ्याच. आपल्या आज्या नुसतं बघून सांगायच्या की हे नायट्याचं आहे की उष्णतेचं. कुत्र्याच्या बाबतीत मात्र सगळा कारभार एका शब्दावर चालतो. लूत. केस गेले की लूत, खाजवायला लागलं की लूत, खपल्या धरल्या, वास यायला लागला, कातडी हत्तीसारखी जाड आणि काळी पडली, तरी लूतच. आणि "लूत लागलेलं कुत्रं" हे रोगाचं वर्णन कमी आणि शिवी जास्त.

ह्याचं कारण काय असेल, असा विचार मी बरेच दिवस करतोय. मला वाटतं, ज्या गोष्टीवर उपाय करायचा नसतो तिला वेगवेगळी नावं द्यायची भाषेला गरज पडत नाही. बैलाच्या रोगांना बघा कशी नावं आहेत: बुळकांडी, घटसर्प, फऱ्या, लाळ-खुरकूत. बैल गेला तर शेती गेली. कुत्रं गेलं तर दुसरं येतं. तर ह्या एका शब्दाच्या पोटातून पाच-पंचवीस वेगवेगळे रोग बाहेर कसे काढले गेले आणि त्यासाठी कातडीचा एक छोटासा तुकडा कापून भिंगाखाली बघायची युक्ती कुठून आली, त्याची ही गोष्ट. आज तिला सगळे बायोप्सी म्हणतात.

कोल्हापुरात बसून कातडीबद्दल लिहायचं तर सुरुवात चपलेपासूनच करायला हवी. कातड्याची पारख ह्या गावाला पिढ्यान्‌पिढ्या आहे. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. पण त्या चपलेमागचं कातडं कमावण्याचं काम त्याच्या कितीतरी आधीचं. चुन्याच्या पाण्यात कातडं भिजवायचं, केस सैल झाले की खरवडून काढायचे, आतल्या बाजूचं मांस-चरबी तासायची आणि मग बाभळीची साल आणि हिरडा ह्यांच्या पाण्यात ते मुरू द्यायचं. जो हे काम करतो त्याला पुस्तक न वाचताही माहीत असतं की कातडं म्हणजे एक पापुद्रा नव्हे. वर एक पातळ थर असतो, तो केसांबरोबर निघून जातो. खाली चिवट, धाग्याधाग्यांचा जाड थर असतो, चप्पल त्याची होते. त्याच्याही खाली चरबी. डॉक्टरी पुस्तकात आज ह्याच तीन थरांना मोठी नावं आहेत, इतकंच.

ढोर समाजातली माणसं कातडी कमवायची आणि चांभार समाजातली माणसं वहाणा करायची. ज्या हातांना जनावराच्या कातडीची सगळ्यात जास्त ओळख होती, त्याच हातांचा विटाळ मानला गेला. त्यामुळे हे ज्ञान त्या वस्तीच्या बाहेर कधी आलंच नाही. कुणी त्यांना विचारलं नाही, की बाबा रे, ह्या कातड्यावर हा डाग कशाचा, जनावर जिवंत असताना त्याला काय झालं होतं? मेलेल्या जनावराच्या कातड्यावर जुन्या गोचिडाची, जखमेची खूण दिसते, ती कमावणाऱ्याला दिसतेच, कारण तिथे चामडं कमजोर निघतं. पण त्या माहितीचा जिवंत जनावराला उपयोग व्हावा अशी वाटच नव्हती.

आता दुसरं टोक बघा. नवा राजवाडा. चार्ल्स मँटने आराखडा केलेला, 1884 च्या सुमारास पुरा झालेला. तिथल्या संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरं आहेत: वाघ, अस्वलं, गवे, रानकुत्रीसुद्धा. संस्थानी काळात कोल्हापूरला शिकारीचा मोठा शौक. चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटाची शिकार करायची पद्धत होती आणि इथले चित्ते संपले तेव्हा आफ्रिकेतून चित्ते आणले गेले. शिकारी कुत्रीही अर्थातच होती. आपल्या ह्या पट्ट्यातला कारवानी कुत्रा, पलीकडे मुधोळच्या घोरपड्यांनी जोपासलेला मुधोळ हाउंड, हे सगळे लांब पायांचे, तोकड्या केसांचे पळणारे कुत्रे. कुत्र्यांबद्दल राजेलोकांनी लिहायची परंपराही जुनी. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ह्या बाराव्या शतकातल्या ग्रंथात कुत्र्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. त्या वेळी कोल्हापुरावर शिलाहार होते, म्हणजे त्याच चालुक्यांचे मांडलिक.

म्हणजे एकीकडे कातडं कमावणारे, एकीकडे कातडं पेंढा भरून मिरवणारे. दोन्हीकडे कातडीकडे लक्ष आहे, पण जनावर मेल्यावर.

मग जनावरांचे डॉक्टर काय करत होते? मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचं हॉस्पिटल उभं राहिलं आणि त्याच्याच आवारात 1886 साली बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेज सुरू झालं. तेव्हा सरकारला हवे होते घोड्यांचे आणि गुरांचे डॉक्टर. लष्कराचं घोडदळ, टांगे, ट्राम ओढणारे घोडे, शेतीचे बैल आणि त्यांच्यावर घाला घालणारी बुळकांडी. कुत्रं आलंच चर्चेत तर ते पिसाळलेलं म्हणून. कातडीचा रोगही अभ्यासला जायचा तो घोड्याचा, कारण लष्कराच्या पागेत एका घोड्याला खरूज झाली की सगळी पागा खाजवायला लागते. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. सगळ्या जगात पशुवैद्यक घोड्याच्या पाठीवर बसूनच मोठं झालं.

आता थोडं युरोपात जाऊन येऊ, कारण कापून बघायची युक्ती तिथली.

खरजेचा किडा पहिल्यांदा नीट वर्णन करून चित्रासकट दाखवला तो इटलीतल्या बोनोमो आणि चेस्तोनी ह्या दोघांनी, 1687 साली. खाज सुटते ती रक्त बिघडल्याने नव्हे, एक बारीक किडा कातडीत बीळ करतो म्हणून, असं त्यांनी लिहिलं. आणि गंमत म्हणजे मोठ्या डॉक्टरांनी ते पुढे जवळजवळ दीडशे वर्षं मानलंच नाही! शेवटी 1834 साली पॅरिसच्या सेंट लुई हॉस्पिटलात रेनुची नावाच्या एका विद्यार्थ्याने सुईच्या टोकावर तो किडा काढून सगळ्यांसमोर ठेवला. हे त्याला कुणी शिकवलं? तो कॉर्सिका बेटावरचा. तिथल्या गरीब बायका सुईने हे किडे टिपून काढायच्या, ते त्याने लहानपणापासून पाहिलं होतं. परत तेच. माहिती होती, पण ती कुणाच्या हातात होती ते महत्त्वाचं ठरलं.

त्यानंतर 1842 मध्ये बर्लिनच्या गुस्ताव सिमोनने माणसाच्या केसांच्या मुळात राहणारा दुसरा एक लांबट किडा दाखवला आणि थोड्याच दिवसांत तसाच कुत्र्यातही सापडला. म्हणजे लुतीच्याच पोटात दोन वेगळे किडे निघाले. एक बीळ करणारा, जबरदस्त खाज आणणारा आणि माणसालाही चावणारा. दुसरा केसांच्या मुळाशी दाटीवाटीने राहणारा, ज्याने केस जातात, पण सुरुवातीला खाज फारशी नसते आणि जो कुत्र्याकडून माणसाला लागत नाही. दिसायला दोन्ही लूतच. पण एकात घरच्या माणसांनाही खाज सुटते आणि दुसऱ्यात मुळात त्या कुत्र्याची अंगातली ताकदच कुठेतरी कमी पडलेली असते. हे ओळखायला ब्लेडने कातडी हलकेच खरवडून, तेलाच्या थेंबात घालून काचेच्या पट्टीवर बघितलं तरी पुरतं. आजही पहिली तपासणी हीच.

पण किडाही नाही, बुरशीही नाही आणि तरी कातडी झडतेय, अशा वेळी काय करायचं? वरून खरवडून वरचंच मिळणार. खालच्या थरात काय चाललंय ते बघायचं तर तुकडा आख्खा, उभा, तिन्ही थरांसकट काढायला हवा.

'बायोप्सी' हा शब्द तयार केला अर्न्येस्त बेन्ये ह्या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने, 1879 साली. ग्रीक भाषेतले दोन शब्द जोडले: जीव आणि पाहणं. मेलेल्याचं शवविच्छेदन असतं, तसं हे जिवंताला बघणं. आणि हा बेन्येही त्याच सेंट लुई हॉस्पिटलातला. तुकडा काढायचं हत्यार आलं 1887 साली. न्यूयॉर्कच्या एडवर्ड कीज ह्यांनी कातडीसाठी एक गोल पंच वर्णन केला. लहानशी धारदार नळी, बोटांत धरून फिरवली की कातडीचा गोल ठोकळा निघतो. कातडीत घुसून बसलेले बारुदाचे डाग काढायला वगैरे तो वापरायचे. रोग ओळखायचं काम त्याला पुढे मिळालं. चपलेला भोक पाडायचा पंच ज्याने पाहिलाय त्याला ह्या हत्याराचं वेगळं वर्णन सांगायची गरज नाही.

तुकडा तर निघाला. पण कातडीचा ओला तुकडा तासाभरात बिघडायला लागतो. तो टिकवायचा कसा? इथे मला ह्या सगळ्या इतिहासातला सगळ्यात आवडता प्रसंग सापडतो. फ्रँकफर्टमध्ये फर्डिनांड ब्लूम नावाचा डॉक्टर फॉर्मालिन जंतू मारायला किती चालतं ते तपासत होता. 1893 ची गोष्ट. काम करता करता त्याच्या लक्षात आलं, की आपल्या बोटांची कातडी टणक होत चाललीय, अगदी स्पिरिटमध्ये ठेवलेल्या अवयवासारखी. दुसरा असता तर हात धुवून मोकळा झाला असता. ह्याने विचार केला, की मग अवयव टिकवायलाच हे का वापरू नये? आजही जगातल्या बहुतेक सगळ्या बायोप्सीचे तुकडे दहा टक्के फॉर्मालिनमध्ये टाकले जातात.

आता हे फॉर्मालिन नेमकं करतं काय? कातडीतल्या प्रथिनांच्या धाग्यांना एकमेकांशी आडवे टाके घालतं. धागे बांधले गेले की कुजणं थांबतं. बाभळीच्या सालीतलं आणि हिरड्यातलं टॅनिन वेगळ्या वाटेने जातं, पण शेवटी तेच करतं, धाग्यांना धरून ठेवतं. म्हणजे ब्लूमची बोटं त्या दिवशी कमावली जात होती! प्रयोगशाळेतली बाटली आणि कातडं कमवायची कुंडी ही तशी एकाच घरातली भावंडं. फरक एवढाच, की कमावणारा वरचा थर टाकून देतो आणि प्रयोगशाळेला तो वरचा थर, केस, खपली सगळं जागच्या जागी हवं असतं.

पुढचं कामही कारागिरीचंच. तुकडा मेणात घट्ट बसवायचा, मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्याचे चार-पाच मायक्रॉनचे काप काढायचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही पातळ. मग रंगवायचे. जांभळट निळा रंग येतो तो मेक्सिकोकडच्या एका झाडाच्या लाकडातून, जे लाकूड आधी कापड रंगवायला वापरायचे. तो रंग पक्का बसावा म्हणून त्यात तुरटी घालायची, हेही रंगाऱ्यांकडूनच आलेलं. गुलाबी रंग इओसिनचा. दोन्ही मिळून वापरायची रीत 1876 च्या सुमाराची आणि ती अजून बदललेली नाही.

1894 मध्ये हॅम्बर्गच्या उन्नाने माणसाच्या त्वचारोगांचं भिंगाखालचं जाडजूड पुस्तक लिहिलं. व्हिएन्नाच्या शिंडेल्काने 1903 मध्ये पाळीव जनावरांच्या त्वचारोगांवर पुस्तक काढलं. पण कुत्र्या-मांजरांची खरी पाळी यायला घोड्याला रस्त्यावरून जावं लागलं. मोटारी आल्या, घोडे गेले, पशुवैद्यांचं गिऱ्हाईक बदललं, कुत्रं अंगणातून दिवाणखान्यात आलं. अमेरिकेत म्युलर आणि कर्क ह्यांचं कुत्र्या-मांजरांच्या त्वचारोगांवरचं पुस्तक 1969 साली आलं, आणि ते पुढे कित्येक आवृत्त्या या विषयाचं मुख्य पुस्तक राहिलं. 1978 मध्ये अॅकरमनने माणसांच्या डॉक्टरांना शिकवलं, की आधी रोगाचं नाव शोधू नका, सूज कातडीच्या कुठल्या थरात कशी पसरलीय तो नमुना बघा. जनावरांच्या डॉक्टरांनी तीच पद्धत उचलली.

ह्याने काय साधलं त्याचं एकच उदाहरण देतो. पेम्फिगस नावाचा माणसांचा एक रोग आहे. त्यात शरीराची स्वतःचीच संरक्षणव्यवस्था कातडीच्या पेशींना धरून ठेवणारे दुवे तोडते. त्याचाच एक प्रकार कुत्र्यात असतो हे हॅलिवेल आणि गोल्डश्मिट ह्यांनी 1977 साली दाखवलं. नाकावर, कानांवर, डोळ्यांभोवती खपल्या, पंजाच्या गादीला भेगा. वरून बघाल तर लूतच म्हणाल. भिंगाखाली मात्र वरच्या थरात पुवाचं तळं दिसतं आणि त्यात एकमेकांचा हात सुटलेल्या गोल गोल पेशी तरंगताना दिसतात. आता गंधक लावा, करंजेल तेल लावा, किडे मारायचं औषध द्या, काही फरक पडणार नाही, कारण मारायला किडाच नाही. उलट औषध द्यायचं ते संरक्षणव्यवस्था दाबणारं. आणि किड्याची लूत असलेल्या कुत्र्याला तेच औषध दिलंत तर किडे दुपटीने वाढतील. म्हणजे दोन कुत्री शेजारी उभी केली तर दिसायला सारखी, पण एकाचं औषध ते दुसऱ्याचं विष.

ह्या तपासणीचे नियमही ऐकण्यासारखे आहेत. जागा बधिर करायची, चार ते आठ मिलिमीटरचा पंच घ्यायचा, एक-दोन टाके घालायचे. सहसा भूलही लागत नाही, नाकासारखी किंवा पंजासारखी अवघड जागा सोडली तर. एकाच जागचा तुकडा न घेता तीन-चार जागचे घ्यायचे, त्यातही ताजा उठलेला फोड आधी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुकडा घेण्याआधी ती जागा घासून धुवायची नाही. ऑपरेशन म्हटलं की आधी स्वच्छ करायचं ही आपली सवय, पण इथे ती खपली हाच पुरावा. पेम्फिगसच्या त्या सुटलेल्या पेशी खपलीतच अडकून बसलेल्या असतात. खपली धुतली की साक्षीदार गटारात. तसंच आधी महिनाभर स्टिरॉइडची इंजेक्शनं चालू असतील तर भिंगाखाली खरं चित्र दिसत नाही, रोग दबून बसतो.

आणि बायोप्सीने सगळंच कळतं असंही नाही. कुत्र्यांमध्ये ऍलर्जीची खाज भरपूर, पण तिचा तुकडा बघून ती कशाची ऍलर्जी ते सांगता येत नाही. तिथे पिसवा, खाणं, परागकण असं एकेक वजा करत जावं लागतं. तुकडा वाचणारा माणूस लांब बसलेला असतो, कुत्रं त्याने पाहिलेलं नसतं. वय काय, खाज आधी की केस आधी गेले, कुठली औषधं झाली हे कागदावर नीट लिहून पाठवलं नाही तर उत्तर येतं "जुनाट सूज" आणि ते तर मालकालाही दिसत होतं.

कोल्हापुरात पशुवैद्यक महाविद्यालय नाही. हायवेला लागून साताऱ्याच्या पलीकडे शिरवळला आहे, 1988 सालचं. नाहीतर मुंबई, किंवा कुरियरने एखाद्या खाजगी लॅबकडे. छोटी बाटली, झाकण चिकटपट्टीने बंद केलेलं, वर नाव: मोती, वय 6. उत्तर यायला दिवस लागतात, पैसे लागतात. आमच्या ओळखीच्या एका घरात लॅब्रॅडॉरला दोन वर्षं वरचेवर इंजेक्शनं चालू होती. दिलं की चार आठवडे बरं, मग पुन्हा खाज. शेवटी एका तरुण डॉक्टरने इंजेक्शन बंद करून, थांबून, तुकडे काढू या म्हटलं, तेव्हा घरातल्या आजी म्हणाल्या, "अरे, आधीच ते बिचारं सोलून निघालंय, आणि अजून कापतोस व्हय त्याला?" त्यावर तो म्हणाला, "आजी, दोन वर्षं आपण काय लावायचं तेच विचारतोय. काय झालंय ते एकदा विचारू या की." मला वाटतं ह्या सगळ्या दीडशे वर्षांचा अर्थ त्या पोराने एका वाक्यात सांगितला.

बाकी रस्त्यावरच्या कुत्र्याचं काय? त्याला अजूनही गॅरेजमधलं जळकं ऑईल फासणारे लोक आहेत, आणि तेही दया म्हणूनच. कुत्रं ते चाटतं, ते पोटात जातं, कातडी भाजते, ते लुतीने मरत नाही तर उपायाने मरतं. त्याला बायोप्सीची गरज नसते बहुतेक वेळा. ब्लेडने खरवडून पट्टीवर किडा दिसला तर आयव्हरमेक्टिन 1980 च्या दशकापासून आहे (सगळ्या जातींना चालत नाही, म्हणून डॉक्टरनेच द्यायचं), आणि गेल्या दहाएक वर्षांत तर खाण्यातून द्यायच्या गोळ्या आल्यात. एका गोळीने महिन्या-दोन महिन्यात अंगावर केस येतात, तेच कुत्रं ओळखू येत नाही. त्याला हवा असतो फक्त असा एक माणूस, जो "लूत" एवढ्यावर न थांबता पुढचा प्रश्न विचारील.

बघायची साधनं तर कधीचीच आली. कुणाकडे बघायचं, हे ठरवायला मात्र आपल्याला नेहमीच वेळ लागतो. कातडं कमावणाऱ्याच्या बाबतीत लागला, कॉर्सिकातल्या त्या बायकांच्या बाबतीत लागला, कुत्र्याच्या बाबतीत अजून लागतोय. असो. पुढच्या वेळी कोपऱ्यावरचं झडलेलं कुत्रं दिसलं तर हाड म्हणायच्या आधी एवढं आठवलं तरी पुष्कळ.